जिनिंगमध्ये बोटं गेली. वकील शोधण्याआधी आकडा काढा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय ३०, एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) ठेकेदाराच्या हाताखाली ४५० रुपये रोजाने होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोलरमध्ये अडकलेला कापूस काढताना उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्याचा खर्च ठेकेदाराने केला, वर ४० हजार दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आता माझे काही घेणे नाही’ असं लिहून सही घेतली. भावाकडे ना नेमणुकीचा कागद, ना हजेरी कार्ड. तालुक्याला एक वकील म्हणाले, केसमध्ये दम नाही. दुसरे म्हणाले, मिळेल त्यातले तीस टक्के द्या, मग पाहू. ताईंचं म्हणणं एवढंच, की आता आम्ही कोणाकडे जावं?

ताई, कोणाकडे जायचं ते सांगतोच. पण त्याआधी तुमच्या भावाचा आकडा काढू. आपल्याकडे अशा प्रकरणात सगळे घासाघीस करतात ती आकडा माहीत नसताना. ठेकेदार म्हणतो, “केस-फेस करून काय भेटते जी, पन्नास हजार घे अन् मोकळा हो,” आणि घरच्यांना वाटतं, पन्नास म्हणजे बरेच झाले. ही रक्कम कोणाच्या मोठेपणावर ठरत नाही. ती कायद्यातल्या तक्त्यावरून निघते आणि तो हिशेब दहावी झालेला माणूस कागद-पेन्सिल घेऊन करू शकतो.

तुमचा अपघात कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. तुमची घटना त्याआधीची आहे, त्यामुळे जुनाच कायदा लावून चाला. त्यानंतर अपघात झालेल्यांनाही मालकाची जबाबदारी आणि वय-पगारावरून काढायचा हिशेब हा सांगाडा ओळखीचाच वाटेल. कलमांचे आकडे मात्र बदलले आहेत.

आता हिशेब. रोज ४५० आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर पगार ११,७०० होतो. हिशेबाला महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरता येतात, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. त्याआधी ती ८,००० होती, आणि अजूनही काही जण जुन्याच आकड्यावर दावा लिहितात, तेव्हा लक्ष ठेवा. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के धरतात, म्हणजे ७,०२० रुपये. त्याला कायद्याच्या तक्त्यातल्या वयाच्या गुणकाने गुणायचं. ३० वर्षांचा गुणक २०७.९८ आहे. गुणाकार येतो १४ लाख ६० हजार. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के धरली आहे. १४ लाख ६० हजाराचे ३० टक्के म्हणजे ४ लाख ३८ हजार रुपये.

ही मूळ रक्कम झाली. देय झाल्यापासून महिन्याच्या आत मालकाने ती दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईचे आयुक्त (दावा ज्यांच्यासमोर चालतो ते) मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. उपचाराच्या काळात कामावर जाता आलं नाही, त्या दिवसांची अर्ध्या पगाराइतकी रक्कम वेगळी. ठेकेदाराने दवाखान्यावर केलेला खर्च भरपाईतून वजा होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. ते ४० हजार मात्र वजा होऊ शकतात, ते धरून चाला.

वयाबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या कित्येक आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते आणि साल अंदाजाने टाकलेलं असतं. आधारवर वय ३५ आणि शाळेच्या दाखल्यावर ३० असेल तर ३५ चा गुणक १९७.०६ लागून तुमच्या भावाचे जवळपास २३ हजार रुपये कमी होतात. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून टीसी काढून ठेवा.

शिवाय ३० टक्के हा आकडाही शेवटचा नाही. १९७६ च्या विधी अहवालात छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल अजूनही रोज वापरला जातो. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता असं त्याचं नाव. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. तक्त्यात टक्केवारी कमी होती, पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने कमाईची हानी १०० टक्के धरली. तुमचा भाऊ गाठी उचलायचं किंवा मशीन चालवायचं काम करत असेल, उजवाच हात त्याचा कामाचा असेल, तर डॉक्टरांचा पुरावा घेऊन ३० टक्क्यांच्या वर जायचा प्रयत्न करता येतो. मिळेलच असं नाही. पण ज्या वकिलाला हा निकाल माहीतच नाही, तो असा प्रयत्न करणार नाही, आणि वकील पारखायची ही एक खूण आहे.

स्टॅम्पपेपरची भीती बाळगू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दच समजला जातो. आपसात तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. कामगार गेला असेल तर पैसे थेट विधवेच्या हातात दिलेलेही चालत नाहीत. ते आयुक्तांकडे जमा करावे लागतात, ठरावीक आगाऊ रक्कम तेवढी सोडून. पोलीस पाटील आणि सरपंच साक्षीला बसवून केलेले असे कागद मी पुष्कळ पाहिलेत. भरपाईच्या दाव्यात ते मालकाच्या फार कामी येत नाहीत, उलट ‘हा माणूस माझ्याकडे कामाला होता’ याची त्याच्याच सहीची कबुली होऊन बसतात. तुमच्याही कागदावर ठेकेदाराची सही असेल तर तो तसाच उपयोगी पडेल. त्याचा फोटो ठेवा, आणि यापुढे कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुठेही नको.

ठेकेदार पळून जाईल याचीही चिंता नको. आपल्या धंद्याच्या कामासाठी ठेकेदारामार्फत माणसं लावली तरी भरपाईची जबाबदारी जिनिंग मालकावर येते; तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल, तो त्यांचा आपसातला प्रश्न. दाव्यात दोघांनाही विरुद्ध पक्ष करा आणि मालकाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही. बऱ्याच जिनिंगांचा कामगार विमा असतो. मूळ रक्कम विमा कंपनी भरते, व्याज पॉलिसीच्या अटींप्रमाणे, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. ही गोष्ट मालकाला शांतपणे समजावली की गावातल्या गावात बिघडणारे संबंध कितीदा वाचतात. माणूस वैर घ्यायला घाबरतो ते ‘मालकाचं घर बुडेल’ म्हणून.

मालक म्हणेल, चूक त्याचीच होती, मशीन चालू असताना हात घातलाच कशाला. नुसता निष्काळजीपणा हा या कायद्यात बचाव नाही. दारूच्या नशेत अपघात झाला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला किंवा मशीनचं संरक्षक कव्हर जाणूनबुजून काढलं, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचावही चालत नाहीत.

कोणी ‘आधी ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याकडे जा’ म्हणेल. दालमिल, राईस मिल किंवा इतर कारखान्यात तो सल्ला बरोबर असू शकतो. पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखाना राज्य विम्याखाली असेल तर लाभ तिथूनच मिळतो, मग भरपाईचा दावा चालत नाही. पण निव्वळ कापूस जिनिंग आणि प्रेसिंग करणारा कारखाना राज्य विम्यात हंगामी धरला आहे आणि हंगामी कारखान्यांना तो विमा लागू नाही. तुमच्या भावाच्या पगारातून ईएसआयची कपात होत नसेल तर त्या दारात वेळ घालवू नका.

आता कागद. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे दवाखान्याचा पहिला केसपेपर. अपघात झाल्या दिवशी डॉक्टरांनी वरच्या दोन ओळींत काय लिहिलंय ते वाचा. इंग्रजीत ‘जिनिंग मशीनमध्ये हात अडकला’ अशा अर्थाचं असेल तर निम्मं काम झालं. पण दवाखान्यात पोचवायला मुकादम येतो, माहिती तोच सांगतो, आणि लिहिलं जातं ‘घरी कडबाकुट्टीत हात गेला’ किंवा ‘मोटारसायकलवरून पडला’. तसं झालं असेल तरी दावा मरत नाही. जखमेचं वर्णन मशीनशी जुळतं का, हे डॉक्टर साक्षीत सांगू शकतात. तालुक्याहून रुग्णाला पुढे नागपूरच्या मेडिकलला, मेयोला किंवा सेवाग्रामला नेलं असेल तर तिथे भरती होताना पुन्हा एकदा हकिकत लिहिली जाते. तो कागद वेगळा मागवा. एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या जखमेची दवाखान्यातली नोंद) झाली असेल तर तिचा क्रमांक टिपून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, गोळ्यांची बिलं, सगळं एका पिशवीत घाला, आणि ती पिशवी वकिलाकडे ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या.

हजेरी कार्ड नसतंच म्हणा. पण आजकाल मजुरीही फोनपेवर येते. मुकादमाच्या नंबरवरून दर शनिवारी आलेले २,७०० रुपये बँकेच्या पासबुकात दिसतात, आणि आठवड्याचे सहा दिवस गुणिले ४५० हा हिशेब तिथेच जमतो. एक ओळीच्या पावतीपेक्षा हा पुरावा भक्कम. मुकादमाचे ‘उद्या सकाळच्या पाळीला या’ असे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, जिनिंगच्या आवारात मित्राने काढलेला फोटो, हेही जपा. तो मोबाईल विकू नका, रीसेट करू नका. सोबत काम करणारे दोघे-तिघे असतील, त्यांची नावं आणि गावं आजच लिहून ठेवा. हंगाम संपला की मध्य प्रदेशातून आलेली माणसं परत जातात आणि मग साक्षीदार सापडत नाही.

पोलीस ठाण्यात साध्या कागदावर घटना लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वर्षभरानंतरही चालेल, उशीर का झाला ते लिहा. कारखान्यात अपघात झाला तर मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. कळवलं होतं का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. कळवलं असेल तर पुरावा, नसेल तर मालकाची अडचण.

नोटीस मालक आणि ठेकेदार दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवा. तुमची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, वकील कुठे मिळेल. तालुक्याच्या बाररूममधले बहुतेक वकील वाटणी, फेरफार, जामीन आणि भांडणाच्या केसेस करतात. त्यात ते हुशार असतील, पण हे काम वेगळ्या ठिकाणी चालतं. भरपाईचे आयुक्त म्हणून बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश काम पाहतात. सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय वेगळं. दावा तिथे दाखल होत नाही, आणि लोक हमखास तिथे जाऊन महिनाभर चकरा मारतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार न्यायालयात सुनावणीच्या दिवशी जाऊन बसा. बाहेर लावलेल्या यादीत भरपाईच्या केसेस कोणत्या वकिलांकडे आहेत ते दिसतं. कामगारांच्या बाजूने उभे राहणारे तिघे-चौघेच असतात. विमा कंपनीच्या यादीवरचे वकील टाळा, कारण तुमच्या दाव्यात ते समोर उभे राहण्याची शक्यता जास्त.

पैसे नसतील तर वकील फुकट मिळतो, आणि ही मेहेरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. तुमचा भाऊ दोन दारांनी आत येतो, कामगार म्हणून आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर अपंग म्हणूनही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. अर्जातच लिहा की नुकसानभरपाईचे दावे चालवलेला वकील द्यावा. दिलेला वकील तारखेला उभाच राहत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज करून बदलून मिळतो, आणि त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर तेही सचिवांनाच सांगायचं.

खासगी वकील लावायचा असेल तर तीस टक्क्यांवाला नको. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्याला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. ठोक रक्कम ठरवा, हप्ते पाडा, वहीत लिहून घ्या. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: भरपाईचे दावे चालवलेत का, गुणक कोणता लावाल, आणि डॉक्टरांची साक्ष कोण आणि कधी काढणार. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला नमस्कार करून उठा. डॉक्टर साक्षीला आले नाहीत म्हणून पडलेल्या केसेस मी जितक्या पाहिल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याच कारणाने पाहिल्या नाहीत. भरपाई भावाच्या बँक खात्यातच यायला हवी. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर किंवा चेकवर सही नको. दवाखान्याच्या आवारात आपणहून कार्ड हातात देणारा माणूस वकील नसतो, दलाल असतो.

अपघात पुणे, चाकण किंवा सुरतेला झाला असेल आणि माणूस गावी परत आला असेल तर दावा आपल्याच जिल्ह्यात लावता येतो. राहत्या ठिकाणच्या आयुक्तांनाही अधिकार आहे. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्या भागातले कितीतरी लोक दावा सोडून देतात.

ताईंच्या प्रश्नात नाही, पण वाचणारे पुष्कळ जण वावरात काम करणारे असतील म्हणून लिहितो. शेतमजुराला हा कायदा लागत नाही असं वकीलसुद्धा सांगतात. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जमीन कसणं, कीटकनाशकाची फवारणी, यंत्राने मळणी, ट्रॅक्टरवरचं काम, विहीर खोदणं किंवा खोल करणं, पंप दुरुस्ती, जंगलातलं काम, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा सगळा बोलबाला सरकारी मदतीचाच होता, ज्याच्या वावरात फवारणी केली त्याच्यावरच्या दाव्याबद्दल क्वचितच कोणी बोललं. अर्थात दहा एकरवाल्याकडून चार लाख वसूल करणं वेगळं आणि जिनिंगवाल्याकडून वेगळं, हे मलाही कळतं. म्हणून थ्रेशर किंवा ट्रॅक्टर असेल तर आधी विम्याचा कागद पाहा. रस्त्यावर ट्रॅक्टरचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, यांपैकी एकच दार निवडता येतं. न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत जा. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यावा: मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. खातेदाराबरोबर घरातल्या एका बिनखातेदारालाही ती लागते. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर तिथली मदत वेगळी, ती भरपाईच्या आड येत नाही.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात दोन वर्षं धरून चाला. मधल्या काळात लोकअदालतीत तडजोडीचा निरोप येईल. जायला हरकत नाही, पण ४ लाख ३८ हजार अधिक व्याज हा आकडा खिशात लिहून घेऊन जा, आणि त्यातलं किती सोडायचं ते घरी बसून आधी ठरवा. निकालानंतर मालक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करू शकतो. मात्र अपिलासोबत त्याला निकालाची रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला जोडावा लागतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लावून घ्यायची. वसुलीचा अर्ज आपण केल्याशिवाय ती फाइल पुढे सरकत नाही, तेव्हा निकालाची प्रत मिळाल्याच्या आठवड्यातच तो वकिलाकडून लिहून घ्या.